पांढऱ्या कातळापाशी सुनपाती

अगं थांब, आधी ऐक तर! यांग्जी माहितीये ना, वरच्या कुरणात आत्याबरोबर याक राखते ती? तिचा जिवलग फुर्बा न्यूयॉर्कला निघाला ना, तेव्हा हिने विचारलं, "परत कधी?" त्याने वरच्या पांढऱ्या कातळाकडे बोट केलं. "तिथे सुनपाती फुलली की येतो. बोलवायलाही लागणार नाही!" सगळे खो-खो हसले. तिथे कसली सुनपाती? नुसता बर्फ नि दगड! सकाळच्या धुपाला त्या झुडपाची सुवासिक पानं हवीत तर तासभर खाली उतरावं लागायचं.

पण बर्फ मागे मागे सरकला, आणि सुनपाती निघाली की वर! कुणी लावलं नाही, काही नाही. दर उन्हाळ्यात यांग्जी कुरणात पोचली की आधी बघायची, नवं झुडूप कुठवर आलं ते. एका वर्षी ओढ्यापलीकडे, पुढच्या वर्षी घळीत. सात वर्षं गं!

आणि या जूनमध्ये थेट कातळाला टेकून गुडघ्याएवढं झुडूप, त्यावर फिकट पिवळी फुलं! ही लगेच भोवती दगड रचायला लागली.

आत्या म्हणाली, "याक त्याला तोंडसुद्धा लावत नाहीत. कुणापासून राखतेस?"

"तुझ्यापासून! धुपासाठी ओरबाडशील."

"मग? नव्या जागी उगवलं की पहिली फांदी देवाची. ती काय तुझ्या फुर्बाची?"

"दोन दिवस थांब ना, आत्ये!"

फोटो काढला, रेंज मिळते त्या खिंडीपर्यंत धावत गेली, पाठवला. सोबत एक शब्द नाही. त्याला कळणारच ना!

दुसऱ्या दिवशी पुन्हा खिंडीत. उत्तर आलेलं: "वा! मस्त फुलं. कुठली गं ही?"

बस. एवढंच.

तिने लिहिलं, "पांढरा कातळ." पुसलं. "तू म्हणाला होतास," लिहिलं, तेही पुसलं. खाली आली, कातळापाशी उभी राहिली. कुरणातून आत्या ओरडतेय, "निखारे पडलेत गं, आणतेस का फांदी?" आणि हिचा एक हात फांदीवर, दुसऱ्यात फोन. त्याला आठवण करून द्यायची, की फांदी मोडायची?

तू काय केलं असतंस गं?