चौथऱ्यावरून उतरलेली सिग्ने

मित्रांनो, मी एक जुनी शिडाची होडी आहे. जुनी म्हटल्यावर ज्यांना हळहळायचे असेल त्यांनी खुशाल दुसरीकडे जाऊन हळहळावे. मला कीव चालत नाही.

माझे नाव सिग्ने. हाल्वर नावाच्या दोरखंडांच्या व्यापाऱ्याने मला नॉर्वेत पाइनच्या फळ्यांतून बांधून घेतले आणि माझ्याच जिवावर तीन वेळा शर्यतींचे विजेतेपद मिळवले. धंद्यासाठी तो सिंगापूरला निघाला तेव्हा लोक म्हणाले, होडी विकून टाक. त्याने बायकोचा पियानो विकला आणि मला जहाजावर चढवले. बायको वर्षभर त्याच्याशी धड बोलली नाही.

इथल्या पूर्व किनाऱ्यावरच्या क्लबात मी तीस वर्षे धावले. शुभदा आम्हाला तिथेच भेटली. नोकरी पाया लेबारला, फ्लॅट सेंगकांगला आणि पोहणे जेमतेम. पण पहिल्याच दिवशी वारा फिरला तरी तिने शिडाची दोरी सोडली नाही, घोरपडीसारखी चिकटून राहिली. मग ती दर रविवारी येऊ लागली.

पुढे हाल्वर गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी मायदेशी गेला आणि इकडे शुभदाला माझी माया आली. "सिग्नेने पुष्कळ केलं, आता तिला आराम द्या," असे तिनेच क्लबात सुचवले. मला फाटकाशी चौथऱ्यावर बसवले, चकाचक वॉर्निश केले, पितळी पाटी लावली. येणारेजाणारे फोटो काढत. मला त्या कौतुकाचा मनस्वी राग येई.

लाकडाच्या होडीला पाणी मारत नाही, ऊन मारते. पाण्यात फळ्या फुगून एकमेकींना घट्ट धरतात, कोरड्यात त्या आक्रसतात. दीड वर्षात माझ्या फटींतून पलीकडचा रस्ता दिसू लागला. मॅनेजर कोह यांनी मला तोडायचे ठरवले.

ती २००७ सालची खंडेनवमी. शुभदा मला झेंडूची माळ घालत असताना हाल्वर काठी टेकत आला.

"हे कशासाठी?" त्याने विचारले.

"आज अवजारांची पूजा. आज त्यांना विश्रांती."

"आणि उद्या?"

"उद्या दसरा. पुन्हा कामाला लागायचं."

हाल्वरने माझ्या फटीत बोट घातले. "हिचा उद्या दीड वर्ष झालं आलेला नाही."

शुभदाचे तोंड उतरले. "चूक माझी आहे," ती म्हणाली. "उद्याच हिला पाण्यात घालू."

कोह यांनी खांदे उडवले. "पुढच्या रविवारच्या शर्यतीपर्यंत तरंगली, तर धक्क्यावरची जागा तिची. नाहीतर सोमवारी करवत."

दसऱ्याला क्रेनने मला पाण्यात सोडले आणि सगळ्या फटींतून समुद्र आत आला. मी काठापर्यंत भरले. केवळ क्रेनच्या पट्ट्यांनी मला धरून ठेवले होते. धक्क्यावर हशा पिकला.

"आई, she's sinking lah," शुभदाची लेक श्रिया म्हणाली.

"बुडत नाहीये. फुगतेय," शुभदा म्हणाली आणि तिने बादली उचलली.

मी पाणी पीत होते, मित्रांनो. दीड वर्षाची तहान होती.

तीन दिवस हाल्वर पँट दुमडून धक्क्यावर बसला. एका हातात कोपीचा, म्हणजे इथल्या कडक कॉफीचा कप, दुसऱ्या हातात बादली. शुभदा ऑफिसआधी आणि ऑफिसनंतर येऊन पाणी उपसत होती. चौथ्या दिवशी तिने बादली आत घातली, ती कोरडीच वर आली. हाल्वरने पट्ट्या सोडायला सांगितल्या. मी तरंगले.

रविवारी मी शर्यतीत शेवटून दुसरी आले. हसायचे त्यांनी हसावे. एक प्लॅस्टिकची नवीकोरी होडी माझ्या मागे होती. परत आल्यावर मला बांधायचा दोर कोह यांनी स्वतः झेलला.

दोन वर्षांनी हाल्वर वारला. आता सुकाणू शुभदाच्या हाती आहे. तेव्हा मित्रांनो, ज्याच्यावर तुमचे प्रेम असेल त्याला कौतुकाने चौथऱ्यावर बसवू नका. त्याच्याकडून काम घ्या, त्याला भिजू द्या, दमू द्या.

फाटकाशी तो चौथरा अजून आहे. पितळी पाटी वाचून लोक मला तिथे शोधतात. मी सापडत नाही.