पालथी नळी

"जंतू मेलेत ना? मग विषय संपला," नंदकिशोर सर म्हणाले. महाप्याच्या आमच्या सलाइनच्या कारखान्याचे ते मॅनेजर. मी तपासणी विभागातली.

"जंतू मेलेत. त्यांचं विष नाही."

सुट्टीचे दोन दिवस सलाइनचं पाणी टाकीत पडून होतं. त्यात जंतू वाढले. नंतर ते गाळलं, वाफेवर निर्जंतुक केलं. पण जंतूंच्या कवचाचे तुकडे वाफेला दाद देत नाहीत. ते रक्तात गेले की संरक्षक पेशी जंतू जिवंत की मेलेला हे पाहत नाहीत. सरळ पेटून उठतात. हुडहुडी, ताप, मग रक्तदाब कोसळतो. आधीच खाटेवर असलेला माणूस स्वतःच्याच सैन्याच्या माऱ्यात जातो.

"प्रवचन नको, मॅडम. द्रोणागिरीच्या गोदामाचा ट्रक गेटवर उभाय. सही करा."

"एक तास लागतो. नळ्या कोमट पाण्यात आहेत."

नळीत मालातलं थोडं सलाइन आणि तपासणीचा द्राव असतो. विष असेल तर तो गोठतो. नळी पालथी केली तरी गोळा तळाला धरून राहतो.

पन्नासाव्या मिनिटाला सरांनी अख्खा स्टँड उचलला, दोनदा हिसडला आणि एकेक नळी पालथी केली. सगळ्या ओघळल्या.

"बघा! पास. उगाच टेन्शन देता लोकांना. रणजीत, माल भरायला सांग."

माझा सहकारी रणजीत जागचा हलला नाही. तो लाल चिठ्ठीच्या नळीकडे बघत होता.

"सर, त्या लाल चिठ्ठीच्या नळीत मी स्वतः विष घातलं होतं," मी म्हणाले. "ती गोठायलाच हवी. हिसक्याने गोळा मोडतो. तीही ओघळली, म्हणजे चाचणीच रद्द."

"मला अडकवायला ठेवली होती?"

"दर वेळी ठेवते. सात वर्षं. तुम्ही आज पहिल्यांदा आत आलात."

रणजीतला हसू आलं. त्याने ते खोकल्यात दाबलं.

"उद्यापासून तुम्ही पॅकिंगला."

"उद्यापासून. आज नळ्या पुन्हा लावते."

लावल्या, आणि तासभर पाण्याच्या भांड्यासमोरून हलले नाही. सर समोरच्या स्टुलावर बूट आपटत बसले. गेटवरून ड्रायव्हरचे दोन फोन आले. वेळ झाल्यावर मी आधी लाल चिठ्ठीची नळी पालथी केली. गोळा तळाला. मग मालाची. गोळा तळालाच.

ती मी त्यांच्या डोळ्यांसमोर धरली. त्यांनी मान वळवेपर्यंत.

"तुम्हाला सही हवी होती ना," मी म्हणाले, आणि 'नापास' या शब्दाखाली ती केली.