पडण्याचा तास

बाबांनी आज गोटीचं नाव काढायचंच, असा पण केला होता. जिम्नॅस्टिक्सच्या वर्गाला सात आठवडे झाले आणि चार वर्षांच्या लेकीला साधी कोलांटी येऊ नये? पालकांच्या बाकावरच्या काकांचा मुलगा म्हणे घरीच पलंगावर लागोपाठ तीन मारतो! गोटीच्या ताईने हे ऐकून डोळे असे काही फिरवले की ते परत जागेवर येतात की नाही, अशी शंका यावी.

प्रवेशाच्या वेळी मिळालेला वर्गाच्या फायद्यांचा कागद बाबा खिशात घेऊनच फिरत. समतोल, एकाग्रता, हातापायांचा मेळ, आत्मविश्वास. मिक्सरची वॉरंटी जपावी तसा जपला होता. पोरगी बिघडली तर बदलून मिळणार होती जणू!

शिकवणाऱ्या मॅडमची रीतच निराळी होती. पहिले दोन महिने फक्त पडायचं. गादीवर उभं राहायचं, हनुवटी आत, हात छातीवर, गुडघे वाकवून मागे धप्प! सगळी चिल्लीपिल्ली खिदळत पडायची, उठायची, परत पडायची.

"पडायला कसला आलाय वर्ग?" बाबा म्हणाले. "ते घरी आपोआप होतं."

"बाबा," ताई म्हणाली, "ती आता कठडा न धरता जिना उतरते. डबा स्वतः उघडते. दिसलं नाही तुम्हाला?"

"ते वयानं येतंच गं."

घ्या! नाही आलं तर वर्गाचा दोष, आलं तर वयाचा गुण.

हॉलच्या काचेला नाकं लावून उभे असलेले बाकीचे पालकही काही कमी नव्हते. "पिल्लू, पडू नकोस हं!" एक काकू काच वाजवून ओरडत होत्या. पोहायच्या तलावाकाठी उभं राहून 'भिजू नकोस' म्हणावं, तसं.

गोटीची पाळी आली. तिने काचेकडे पाहिलं. बाबांनी भुवया चढवून बोट हलवलं. झालं! इतके दिवस लोण्यासारखी पडणारी गोटी घाबरली आणि पडताना तिने हात मागे टेकला. लागलं नाही, पण तोंड एवढंसं झालं.

मॅडम तडक बाहेर आल्या.

"मी नाव काढायलाच आलोय," बाबा म्हणाले.

"काढा. पण तिनं तुमच्याकडे बघून हात मागे टाकला. अशानं मनगट जातं. आधी तुम्ही एकदा पडून दाखवा, मग करते सही."

"हात्तिच्या! त्यात काय?"

बूट काढून बाबा गादीवर उभे राहिले. गुडघे वाकवले. सरळ केले. मागे वळून गादी आहे ना, ते बघितलं. परत वाकवले. काचेमागे सगळा बाक उठून उभा होता.

"दादा, पडू नका हं!" त्याच काकू. कोणीतरी फिसकन हसलं.

गोटी येऊन शेजारी उभी राहिली. "बाबा, हनुवटी आत," म्हणाली आणि धप्पकन पडली. उठली. परत पडली. आता काचेकडे बघायचं तिला भानच नव्हतं. बाबा मात्र खांबासारखे ताठ.

"माझी पाठ जरा..." ते पुटपुटले.

"काल कपाट हलवताना नव्हती का ती पाठ?" ताईने दारातून विचारलं.

बाबांनी बूट चढवले. मॅडमनी नाव काढायचा अर्ज पुढे केला.

"राहू दे," बाबा घसा खाकरत म्हणाले. "मध्येच कशाला सोडायचं?"

आणि बाकावर टेकतात न टेकतात तोच शेजारच्या काकांना समजवायला लागले, "अहो, कोलांट्या काय, कोणीही मारतं. आधी पडायला शिकलं पाहिजे! पाया असतो तो."

ताईला हसू आवरेना. पण गोटीचं नाव राहिलं होतं ना, मग ही अक्कल आपलीच आहे असं बाबांना खुशाल वाटू दे!