तिसरा बार

आभाळात ढगाचा ठिपकाही नव्हता आणि पाणी चढत होतं. या मुलखात पूर असाच येतो. पाऊस पडतो दूर उत्तरेला, आठवड्यापूर्वी, दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर. आणि बुडता तुम्ही, लख्ख उन्हात. डेसला हे जन्मापासून ठाऊक होतं. तरी रात्रभर कांगारू मारून परतताना त्याने पहाटे ओघळात गाडी घातलीच. "घोटाभर तर आहे," म्हणाला. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, या शहाण्याला शब्द पुरले नाहीत. गाडी आडवी झाली, त्याच्या बायकोचा, नॉरीनचा, पाय दाराखाली सापडला, आणि तो सोडवून तिला वाळूच्या टेकडीवर ओढून आणेपर्यंत गाडी, रेडिओ आणि काडतुसांची पेटी तपकिरी पाण्याखाली गेली होती. खिशातल्या काडेपेटीचा लगदा झाला होता.

वाचलं ते एवढंच: रायफल, पाण्याची एक पिशवी आणि पत्र्याचा डबा. डब्यात हातप्रेस होता. अडकित्त्याच्या थोरल्या भावासारखं दोन दांड्यांचं यंत्र. उडालेल्या काडतुसाची पितळी पुंगळी त्यात दाबायची आणि नव्याने भरायची. टेबल नको, वीज नको, मांडी पुरते. रिकाम्या पुंगळ्या त्याच्या शर्टाच्या खिशात होत्या. त्या फेकून देणारा शिकारी त्या भागात अजून जन्मायचा होता. डब्यात पुंगळीच्या बुडाला बसवायच्या, ठिणगी देणाऱ्या टोप्या होत्या, बंदुकीची दारू होती. शिशाच्या गोळ्या मात्र नऊच. शहरातून नव्या आणायच्या म्हणून तो महिनाभर आज-उद्या करत होता.

नऊ गोळ्या म्हणजे तीन हाका. सारख्या अंतराने तीन बार काढले की माणूस संकटात आहे, हे तिथे शेंबड्या पोरालाही कळतं. चार मैलांवर, पाण्यापलीकडे, शेजारच्या म्हाताऱ्या अल्बीच्या घराचं पत्र्याचं छप्पर चमकत होतं. म्हाताऱ्याकडे मोटरची बोट होती. पण पुरात रानडुकरं टेकड्यांवर अडकतात आणि डेससारखे लोक ती टिपतात. बंदुकीचा आवाज आला की अल्बी म्हणणार, लागला गडी धंद्याला.

नॉरीनचं मांडीचं हाड मोडलं होतं. डेसने वर पट्टा आवळला होता तरी खालची वाळू ओली होत होती.

"किती वेळ लागेल?" तिने विचारलं.

"तीन काडतुसांना? दहा मिनिटं."

"मग गप्प बसते."

हा त्यांच्या घरचा नेम होता. हातप्रेस अल्बीनेच त्यांना लग्नात दिला होता, आणि त्याच्याबरोबर ताकीद: दारू भरताना बोलायचं नाही. मध्ये कुणी बोललं तर सगळ्या पुंगळ्या उपड्या करायच्या आणि पहिल्यापासून भरायच्या. वीस वर्षं नॉरीनने तो नेम देवाच्या कामासारखा पाळला होता. डेसने प्रेस काढला की तिचं तोंड बंद.

त्याने तीन भरली, तीन उडवली. पाण्यावरून आवाज लांबवर गेला आणि तिकडेच राहिला. पाणी किती चढतंय ते कळावं म्हणून काठावर रोवलेली काठी पाण्यात गेली होती. त्याने वर सरकून दुसरी रोवली आणि पुन्हा प्रेस मांडीवर घेतला. दुसरे तीन बारही गेले. छपराजवळ काही हललं नाही. त्याने वळून पाहिलं तर नॉरीनचे डोळे मिटलेले आणि ओठ राखेच्या रंगाचे. तो धावला, गालावर चापट्या मारल्या. तिने मोठ्या कष्टाने डोळे उघडले.

"झोपलीस तू!"

"गप्प बसले होते. तू भरत होतास ना?"

नेम पाळता पाळता ती समोरच्या समोर निघून गेली असती, आणि तो मान खाली घालून दारू मोजत बसला असता.

"आता बोलायचं," तो म्हणाला. "थांबायचं नाही. काहीही बोल."

"वीस वर्षं तोंड दाबलंस आणि आज सवड झाली होय रे?"

"शिव्या दे. पण बोल."

शेवटच्या तीन पुंगळ्या त्याने वाळूत ओळीने रोवल्या. ती बोलू लागली. मागच्या दारी लिंबाचं झाड लावायचं राहिलं. कुत्र्याला आज कोण खायला घालणार. त्याच्या बहिणीने नेलेला केकचा साचा अजून परत आलेला नाही, आणि ती तो देणारही नाही, तुमचं खानदानच तसलं. आवाज बारीक होत होता, मध्येच तुटत होता. तुटला की डेस ओरडायचा, "मग पुढे?"

त्याने पहिल्या पुंगळीत दारू ओतली.

"डेस, मी गेले तर मला गावच्या दफनभूमीत पुरू नकोस."

"गप... नाही, बोल. का?"

"तिथे तुझी आई आहे. मेल्यावर तरी सासूशेजार नको."

त्याला हसू फुटलं आणि हसता हसता हुंदका आला, हातातला चमचा न बघताच पुढच्या पुंगळ्यांवर फिरला. डोळे पुसून पाहिलं तर कुठली भरली नि कुठली नाही, कळेना. नेमाप्रमाणे सगळ्या उपड्या करायला हव्या होत्या. निदान एकेक उजेडाकडे धरून आत डोकवायचं. पण दुसरी काठी अर्धी बुडाली होती आणि नॉरीनचं पुढचं वाक्य येत नव्हतं. "मग पुढे? नॉरीन, पुढे?" ओरडत त्याने घाईघाईने उरलेल्या भरल्या, गोळ्या बसवल्या, दांड्या दाबल्या आणि उठला.

पहिला बार. मनात पाच आकडे. दुसरा बार. पाच आकडे.

फुस्स.

त्या आवाजाचा अर्थ त्याला लगेच कळला. पुंगळीत दारू नव्हती. नुसत्या टोपीच्या जोरावर गोळी नळीत शिरली होती आणि तिथेच रुतली होती. काढायला गज नव्हता. आता काडतूस असतं तरी रायफल त्याच्या तोंडावर फुटली असती. आणि काडतूस नव्हतंच.

"तुझ्या बडबडीने झालं हे!" तो तिच्यावर फाटक्या गळ्याने ओरडला. "गप्प बस आता! एकदम गप्प!"

ती गप्प बसली.

रायफल वाळूत पडली. आपण काय बोललो हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा तो गुडघ्यावर तिच्याजवळ गेला. "नाही गं, तसं नाही. बोल. केकच्या साच्याचं बोल. माझ्या आईला शिव्या दे." तिने डोळे उघडले नाहीत. हात गार लागला. त्याला पोहता येत नव्हतं, देवाला हाक मारायची सवय नव्हती, आणि दुसरं कुणी उरलं नव्हतं. त्याने तिला मांडीवर घेतलं आणि पाण्याकडे पाठ केली, कारण पाण्याकडे पाहवत नव्हतं. तो तसाच किती वेळ बसला, ते त्याला पुढेही सांगता आलं नाही.

मोटरची घरघर त्याने आधी ऐकली ती भास म्हणूनच. मग बोट वाळूला लागली आणि अल्बीच्या शिव्या ऐकू आल्या.

"अरे गाढवा, गाडी कुठाय?" म्हातारा गुडघाभर पाण्यातून धापा टाकत वर आला. "पहिले तीन ऐकले. म्हटलं, डुकरं मारतोय. दुसरे तीन आले, म्हटलं, चंगळ आहे लेकाची. मग दोन झाले, आणि मी आपला चहाचा कप हातात धरून तिसऱ्याची वाट बघत बसलो. चहा गार झाला. तेव्हा डोक्यात आलं, अल्बी, वाट कसली बघतोस? डुकरं कोण मोजून मारतं? तिसरा आला नाही, म्हणून आलो."

डेसने मांडीवरच्या नॉरीनकडे पाहिलं. अल्बीचा चेहरा उतरला. त्याने खाली बसून तिच्या तोंडाशी कान नेला आणि बराच वेळ तसाच राहिला.

"नॉरीन," डेस म्हणाला. "बोल ना गं."

तिचे ओठ हलले. आवाज इतका बारीक होता, की दोघांनाही वाकावं लागलं.

"झालं तुझं भरून?" ती म्हणाली. "आता बोलू का?"

"बोल," डेस म्हणाला, आणि तिला उचलून बोटीत ठेवेपर्यंत तो रडत रडत तेवढंच म्हणत राहिला.