गोटीचा समुद्र आणि मास्तरांची कात्री

मित्रांनो, मी शिंप्याची कात्री. घरात कागद आणि दोरे कापायला असते तशी लहानखुरी नव्हे. मी कापड बेतायची, दहा इंची, पोलादी कात्री आहे. पहिल्यांदा उचलणाऱ्याचे मनगट खाली जाते, इतकी जड. माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. आमची दोन पाती वेगवेगळी घडतात आणि मग एका खिळ्याने जन्माची जोडली जातात. माझा खिळा ठोकल्यावर तिथल्या कारागिराने मला कानाशी धरून दोनदा उघडमीट केली. आवाज त्याच्या मनासारखा आला, तेव्हाच त्याने मला विकायला ठेवले.

मला विकत घेतले ते मास्तरांनी. तेव्हा ते बावीस वर्षांचे होते आणि दाताच्या दवाखान्याखाली त्यांनी नुकतेच दुकान थाटले होते. सगळे त्यांना मास्तरच म्हणत. वरून दात उपटून घेणाऱ्यांचे ओरडणे ऐकू आले, की ते खाली गिऱ्हाईकाला म्हणत, "घाबरू नका, इथे फक्त कापड कापतो." हा विनोद त्यांनी बेचाळीस वर्षे केला आणि गिऱ्हाइके बेचाळीस वर्षे हसली, कारण मास्तरांचा हात सोन्याचा होता. त्यांनी शिवलेला कोट अंगावर चढला की पोक काढून चालणारा माणूसही ताठ उभा राहायचा.

त्यांचा एकच दंडक होता. मला कागद लावायचा नाही. कागदाने धार बोथट होते. त्यांची मुलगी सात वर्षांची असताना तिने एकदा माझ्याने वहीचा पुठ्ठा कापला. मास्तरांनी तिच्याशी दोन दिवस अबोला धरला. माझ्याशी मात्र ते पात्यांना तेल लावत तासभर बोलत बसले होते.

पुढे तयार कपड्यांची मोठी दुकाने आली. मास्तरांकडे आधी पँटची उंची कमी करायची कामे उरली, मग चेन बदलायची, मग तीही नाही. दुकान बंद झाले. मी बटणे आणि खडू यांच्यासोबत बिस्किटांच्या डब्यात गेले आणि आठ वर्षे तिथेच राहिले. पात्यांवर तांबूस डाग धरले.

या आठ वर्षांत घरात बरेच काही घडले. मास्तरांची बायको गेली. मुलगी मोठ्या रुग्णालयात नर्स झाली, तिचे लग्न झाले, तिला एक मुलगी झाली. मग जावई कामासाठी दूर गेले आणि तिकडचेच झाले. ती लेकीला घेऊन वडिलांकडे राहायला आली. नात गोल चेहऱ्याची आणि एका जागी न ठरणारी, म्हणून मास्तरांनी तिचे नाव गोटी ठेवले. सकाळी आई ड्यूटीवर जाई. दुपारी शाळा सुटली की गोटी आणि मास्तर, दोघेच घरात.

गोटीला सहा वर्षे पूर्ण व्हायला तीन आठवडे होते. आई बूट घालत होती, तेव्हा गोटी दारात जाऊन उभी राहिली.

"आई, मला समुद्राखालचा वाढदिवस पाहिजे."

"म्हणजे कसा गं?"

"सगळ्यांनी मासे व्हायचं. आणि घरात पाणी पाहिजे, पण खोटं."

"गोटी, मला त्या एकाच दिवसाची सुट्टी मिळालीये. केक मी करते, कासवाचा करते. पण मासे कुठून आणू मी?"

मास्तरांनी वर्तमानपत्र खाली ठेवले. "मासे मी शिवतो," ते म्हणाले.

"बाबा, आठ मुलं येणारेत."

"एका हंगामात चाळीस कोट शिवलेत मी. आठ मासे काय घेऊन बसलीस."

आई हसली. हे हसू मी डब्यातून ऐकले. त्याच दुपारी डबा उघडला गेला.

मित्रांनो, पुन्हा हातात येणे काय असते, ते आठ वर्षे अंधारात काढल्याशिवाय कळत नाही. मास्तरांनी मला घासले, तेल दिले, आणि आजोबा-नात जेवणाच्या टेबलावर बसून बेत आखू लागले. जुना निळा पडदा भिंतीवर लावायचा, तो समुद्र. हिरव्या अस्तराच्या पट्ट्या छताला टांगायच्या, ते शेवाळ. प्रत्येक मुलासाठी माशाच्या तोंडाची टोपी, आणि गोटी स्वतः ऑक्टोपस. ऑक्टोपसच्या टोपीला आठ लोंबते पाय, आत चिंध्या भरलेले.

"टोप्यांना मापं लागतील," मास्तर म्हणाले. "कुणाचं डोकं केवढं?"

दुसऱ्या दिवशी गोटी शाळेतून दोऱ्याचे आठ तुकडे घेऊन आली. मधल्या सुट्टीत तिने प्रत्येकाच्या डोक्याला दोरा गुंडाळून तोडला होता आणि टोकाला नावाची चिठ्ठी बांधली होती. मास्तरांनी ते दोरे एकेक करून टेपवर मोजले. मग म्हणाले, "तू माझ्या दुकानात असायला हवी होतीस." गोटी त्या दिवशी जेवतानाही टेप गळ्यात घालून बसली.

पहिला आठवडा सुखाचा गेला. कोटाच्या रेशमी अस्तरातून मी खवले कापले, मखमलीतून पंख कापले. मास्तरांचा हात अजूनही माझ्या ओळखीचा होता.

मग एका दुपारी त्यांनी वर्तमानपत्र पुढे ओढले, माझे तोंड उघडले आणि सरळ कागद कापायला घेतला. करकर आवाज आला. मी वाट पाहिली, की आता थांबतील. ते थांबले नाहीत. एकामागून एक कागदी तारामासे कापत राहिले. घरात सगळ्यात आधी मला कळले, की काहीतरी बिनसले आहे. आणि मला तर बोलता येत नाही.

त्यानंतर रोज काही ना काही होऊ लागले. झालेली टोपी ते पुन्हा बेतायला घेत. एकाच मुलाचा दोरा तीनदा मोजत. एकदा त्यांनी दोन्ही तुकडे डाव्या बाजूचेच कापले आणि ते जोडायला अर्धा तास झटत राहिले. गोटीला ते तिच्या आईच्या लहानपणीच्या नावाने हाक मारू लागले.

गोटीला हे समजत होते. ती वहीत टोप्यांच्या पुढे खुणा करायची आणि हळूच सांगायची, "आजोबा, ही झाली आपली. आता पिवळी." एकदा मास्तर अचानक काम थांबवून तिच्याकडे बघत राहिले.

"मी पुन्हा तीच केली का गं?"

"हो."

"आईला नको सांगूस. ती सगळंच बंद करेल."

गोटीने मान डोलावली. जास्तीच्या टोप्या तिने पलंगाखालच्या पिशवीत कोंबल्या. आई दमून घरी यायची, भिंतीवरचा निळा समुद्र बघायची आणि म्हणायची, "बाबा, तुम्ही तर कमाल केलीत." आजोबा आणि नात एकमेकांकडे बघत नसत. समुद्र हवा म्हणून गोटी गप्प राहिली की आजोबा हवे म्हणून, ते तिचे तिलाही सांगता आले नसते. पाच-सहा वर्षांच्या मुलीवर केवढे हे ओझे.

वाढदिवसाच्या आदल्या दुपारी ऑक्टोपसची टोपी तयार झाली. मास्तरांनी गोटीला स्टुलावर उभे करून ती घातली. टोपी कानांवरून खाली येत होती आणि कडेला कापड जास्त राहिले होते.

"हलायचं नाही," मास्तर म्हणाले आणि त्यांनी मला उचलले.

गोटी निश्चल उभी राहिली. अगदी दुकानातल्या लाकडी पुतळ्यासारखी. मास्तर पुतळ्यावर कोट चढवून असेच जास्तीचे कापड छाटत असत. त्यांचे डोळे बदललेले मी पाहिले. ते आता घरात नव्हतेच. दाताच्या दवाखान्याखाली होते, तिशी-पस्तिशीचे होते, आणि समोर होता तो पुतळा.

"आजोबा, कान आहे तिथे," गोटी म्हणाली. "आजोबा, मी आहे."

त्यांनी मला मिटले.

मी कापड हजारो वेळा कापले आहे. कापड कापताना काय वाटते ते मला ठाऊक आहे. हे ते नव्हते. आणि मी थांबू शकले नाही, कारण कात्रीला स्वतःचा हात नसतो.

गोटी आधी ओरडलीच नाही. निळ्या कापडावर लाल ठिपका मोठा मोठा होत गेला. मास्तर त्याच्याकडे बघून कपाळाला आठ्या घालत म्हणाले, "डाग पडला. गिऱ्हाईक काय म्हणेल?" आणि ते खडूने त्या डागाभोवती खूण करू लागले. तेव्हा मात्र गोटी रडत शेजारच्या काकूंकडे पळाली.

काकूंनी तिला आईच्याच रुग्णालयात नेले. संध्याकाळी आई तिला घेऊन आली, ती रुग्णालयाच्या कपड्यांतच. गोटीच्या कानाच्या पाळीला चार टाके पडले होते. तिला मांडीवर घेऊन आई त्याच टेबलापाशी बसली. मी तिथेच पडून होते, मला कुणी पुसलेही नव्हते.

"कसं झालं?"

"मीच हलले," गोटी म्हणाली.

टाके घालताना मुले किती हलतात आणि ही किती गप्प बसली होती, ते आईने पाहिले होते. तिची नजर कागदाच्या तारामाशांवर गेली आणि तिथेच थांबली. या कात्रीला बाबा कधी कागद लावू देत नसत. मग ती उठली. घर धुंडाळत पलंगापाशी पोहोचली आणि पिशवी ओढून तिने जमिनीवर उपडी केली. टोप्यांचा ढीग झाला. तिने त्या मोजल्या. तेवीस.

"किती दिवस चाललंय हे?"

"बरेच." गोटी टोप्या पुन्हा पिशवीत भरू लागली. "तू वाढदिवस बंद केला असतास."

आईने दोन्ही हातांनी तोंड झाकले. "मी रोज असेच पेशंट बघते," ती म्हणाली. "रोज बघते, आणि माझ्याच घरात..." मास्तर दारात उभे होते. त्यांनी विचारले, "का रडतेयस? कुणी काही बोललं का तुला?"

मला धुऊन औषधांच्या लोखंडी कपाटात टाकले गेले आणि किल्ली फिरली.

वाढदिवस मी कपाटातूनच ऐकला. सकाळी आईने आठ घरी फोन केले आणि आठ वेळा तेच सांगितले, "गोटीला लागलंय, पुन्हा कधीतरी करू." दुपारी तिघांनीच कासवाचा केक कापला.

"कुणाचा वाढदिवस?" मास्तरांनी विचारले.

"माझा, आजोबा."

"मग बाकीची मुलं कुठायत?"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि आई स्वयंपाकघरात गेली. तिथला नळ बराच वेळ वाहत होता.

त्यानंतर मास्तर मला शोधू लागले. रोज सगळे खण उघडून बघत, गादीखाली हात घालत. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. गोळ्यांसाठी कपाट उघडायचे तेव्हा फटीतून मला ते दिसत. खुर्चीत बसलेले, आणि उजव्या हाताचा अंगठा व बोटे हवेतच मिटत-उघडत असलेली. जेवण कमी झाले. बोलणे त्याहून कमी. आईने एकदा त्यांना प्लास्टिकची कात्री दिली. त्यांनी ती बघून खिडकीतून खाली टाकली.

शेवटी एका सुट्टीच्या सकाळी आईने मला पिशवीत घातले आणि बाजारातल्या धारवाल्याकडे नेले.

"हिची धार घालवून द्या," ती म्हणाली. "टोकंही गोल करा."

धारवाल्याने मला उलटसुलट करून पाहिले. "ताई, असं पोलाद आता मिळत नाही. लावून देतो की चांगली धार."

"माझ्या वडिलांची आहे. त्यांना ती हातात असावी लागते."

मग त्याने चाक सुरू केले. मित्रांनो, ठिणग्या उडाल्या आणि पन्नास वर्षांची माझी धार दहा मिनिटांत गेली. मला रडता आले असते, तर मी रडले असते. पण गोटीचा कान मला आठवत होता, आणि मला ती धार नकोशीच झाली होती.

दुपारी आईने टेबलावर जुनी चादर पसरली. त्यावर खडूची रेघ होती, आणि त्या रेघेवरून गोटीने शाळेच्या कात्रीने चादर आधीच कापून ठेवली होती. दोन्ही कडा तिने बोटांनी जुळवून धरल्या होत्या. आईने मला मास्तरांच्या हातात दिले.

त्यांनी मला उचलले. सवयीने त्यांचा अंगठा माझ्या पात्यावरून फिरला आणि मध्येच थांबला. त्यांनी तो दाबला. पुन्हा दाबला. शिंप्याच्या अंगठ्याला फसवता येत नाही. त्यांनी मान वर करून आधी आईकडे पाहिले, मग गोटीच्या कानाकडे. तिथल्या गुलाबी रेघेवर त्यांची नजर खूप वेळ राहिली. त्या क्षणी ते पुरते घरात होते, याची मला खात्री आहे.

"छान लागलीये धार," ते म्हणाले.

आणि ते कापू लागले. मी उघडत-मिटत पुढे सरकत होते, आणि गोटी माझ्यापुढे दोन्ही कडा हळूहळू दूर करत होती.

मित्रांनो, मी बोलू शकत नाही, तुम्ही बोलू शकता. घरातल्या कुणाचे हात चुकू लागले, तर ते पलंगाखाली लपवू नका. माया असेल तर अजिबातच लपवू नका, मोठ्यांना लगेच सांगा. आणि एखाद्याच्या हातातली वस्तू काढून घ्यायची वेळ आलीच, तर तो हात रिकामा ठेवू नका.