कानसेनची टाकी

“हलवू नकोस! काच आहे ती, पाट नव्हे!”

“मी कुठे हलवतेय? तुमचाच हात हलतोय,” बायको म्हणाली, आणि ते खरं होतं.

दोन फूट लांबीची काच तिने दोन्ही तळव्यांनी उभी धरली होती आणि कानसेन खालच्या सांध्यात सिलिकॉन सोडत होता. त्याचा आंबूस वास स्वयंपाकघरापर्यंत गेला होता. जेवायचं टेबल टाकीने अडवल्यामुळे घरातली माणसं दोन दिवस ताटं मांडीवर घेऊन जेवत होती.

सक्तीच्या रजेचा तिसरा दिवस होता. पहिल्या दिवशी कानसेनने घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घातलं, करकरणाऱ्या आणि न करकरणाऱ्या, सगळ्यांना एकाच मापाने. दुसऱ्या दिवशी माळ्यावरचा मोडका पलंग खाली ओढला आणि जाहीर केलं, “टाकी करतो. माशांची.”

“मासे कुणी मागितले?” बायकोने विचारलं.

“मासे नंतर. आधी टाकी.”

स्वस्थ बसणं त्याच्या कुंडलीतच नव्हतं. पण या वेळची चुळबुळ वेगळी होती, आणि ते घरात सगळ्यांना कळत होतं.

पाणीपुरवठा खात्यात गळती शोधण्याचं त्याचं काम. रस्त्यावर लोखंडी काठी टेकवायची, वरच्या टोकाला कान लावायचा आणि जमिनीखाली फुटका पाइप कुठे फुसफुसतोय ते ऐकायचं. सव्वीस वर्षं त्याने हेच केलं. त्याने खडूने फुली मारली की मुकादम डोळे झाकून खोदायचा आणि पाणी लागायचंच. म्हणून कानसेन. खरं नाव उरलं होतं ते पगाराच्या चिठ्ठीपुरतं.

गेल्या महिन्यात दोन खड्डे कोरडे निघाले. पहिल्या खड्ड्यावर सगळ्यांनी थट्टा केली. दुसऱ्यावर कुणीच केली नाही, आणि तेच त्याच्या जिव्हारी लागलं.

इंजिनिअर मॅडमनी त्याला समोर बसवून सांगितलं होतं, “काका, आठ दिवस घरी आराम करा. सोमवारी हॉस्पिटलसमोरची लाइन शोधायचीय. तिथे अंदाजाने खोदून चालणार नाही, एकेका खड्ड्यापायी दिवसभर त्यांचं पाणी बंद ठेवावं लागतं. जमणार नसेल तर तसं सांगा, स्टोअरमध्ये एक टेबल रिकामं आहे.”

स्टोअरमधल्या टेबलाची त्याने धास्ती घेतली होती. तिथे बसलेली माणसं वॉशर मोजता मोजता म्हातारी होतात, असं तोच इतरांना हसत सांगायचा. निवृत्तीला चार वर्षं होती. म्हणून त्याने मनाशी ठरवलं होतं: आपल्या हाताने टाकी करायची, पाण्याने भरायची आणि कान लावायचा. थेंबभर गळली तरी आपल्याला कळलं पाहिजे. कळलं तर कान शाबूत, आणि सोमवारी ताठ मानेने रस्त्यावर जायचं. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोला सांगायची गरजही नव्हती.

मोडक्या पलंगाच्या लाकडातून टाकीचा स्टँड मात्र झकास झाला. शेजारचा सुतार कुंपणावरून बघत होता, त्याच्याने राहवलं नाही.

“अहो, सगळं वजन स्क्रूवर टाकताय की! पाणी भरल्यावर ती शंभर किलोच्या घरात जाईल. फळी पायांवर बसली पाहिजे, पायांना लटकली नाही पाहिजे.”

कानसेनने तोंड वाकडं केलं, पण सगळं उकलून पुन्हा केलं. चार पाय, चार पट्ट्या, मागे एक तिरकी. पॉलिश कागदाने घासून दोन हात व्हार्निश दिलं. वाळल्यावर स्वतः वर बसून पाहिलं, मग बायकोला बसवलं, मग दोघं मिळून बसले. शेजारी शेजारी, पाय लोंबकळत. “लेकीला बोलवा, तिचंही वजन घेऊ,” बायको म्हणाली, तेव्हा आठवड्यात पहिल्यांदा तो मोकळेपणी हसला.

सिलिकॉनच्या नळीवर आठवडाभर थांबा असं छापलं होतं. कंपनीवाले काय, काहीही छापतात. कानसेन तीन दिवस थांबला, तेही दर तासाला बोट लावून बघत. शुक्रवारी सकाळी त्याने फळीवर थर्माकोल घातला, वर टाकी ठेवली आणि सात बादल्या पाणी ओतलं.

दुसरा कुणी असता तर त्याने खाली कोरडा कागद पसरला असता आणि कागद भिजतो का ते पाहिलं असतं. कानसेनने पंखा बंद करायला लावला, मिक्सर बंद करायला लावला, काठी आणली, फळीला टेकवली आणि डोळे मिटून कान लावला.

बराच वेळ गेला. बायको पदराशी चाळा करत उभी होती.

“नाही,” शेवटी तो म्हणाला. “एक थेंब नाही. कोरडी ठणठणीत.”

“छान झाली,” बायको म्हणाली.

त्याने चहा मागून घेतला. दुपारपर्यंत चार वेळा कान लावला आणि चारही वेळा तेच सांगितलं. मग खूश होऊन बारीक खडी आणायला बाहेर पडला. येताना दोन माशांची चौकशीही करून आला.

परत आल्यावर त्याला वाटलं, स्टँड डाव्या अंगाला किंचित कलतोय. पायाखाली पुठ्ठा सरकवावा म्हणून तो गुडघ्यांवर बसला आणि आत वाकला.

मागच्या पायाच्या आडोशाला स्टीलची वाटी होती. अर्धी भरलेली.

वर फळीच्या कडेला थेंब जमत होता. जाड झाला, लोंबला आणि पडला. वाटीतलं पाणी हललं, गोल गोल वलयं काठाला जाऊन लागली. आवाज मात्र झाला नाही. कानसेनने कान वाटीजवळ नेला. दुसरा थेंब पडला, गालावर बारीक शिंतोडा उडाला. आवाज नाही. त्याने वाटीला नखाने टिचकी मारली, ती ऐकू आली. मग तिसरा थेंब पडला, आणि तो ऐकू आला नाही.

“आई, ती वाटी उचल गं!” आतून लेक ओरडली. त्या घरात सगळी मोठ्यानेच बोलत. शेजाऱ्यांना वाटायचं, यांचं रोजचं भांडण. “सकाळपासून टपटप, टपटप, डोकं उठलं माझं! बाबा यायच्या आत...”

ती दारात आली आणि थांबली. मागोमाग बायको आली.

कानसेन जमिनीवरून उठला नाही. “तुला आवाज येतोय?” त्याने बायकोला विचारलं.

“हो.”

“आतपर्यंत?”

“आतपर्यंत. शेजारच्या खोलीतसुद्धा.”

“वाटी तू ठेवलीस?”

“तुम्ही इतके खूश होतात. म्हटलं, रविवारपर्यंत भरेल तशी रिकामी करत राहीन. कोपऱ्यात थोडं सिलिकॉन लावलं की झालं, हे काय...”

“टाकीचं नाही विचारत मी.” त्याचा आवाज चढला. “मला कधीपासून येत नाही?”

लेकीने आईकडे पाहिलं. बायको त्याच्या शेजारी जमिनीवर बसली.

“दोन वर्षं झाली असतील,” ती म्हणाली, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून. कानसेनला तेव्हाच उमगलं की दोन वर्षं ती त्याच्याशी अशीच बोलतेय.

“दोन वर्षं! आणि एकाच्याही तोंडून शब्द नाही?”

“कसं सांगणार? कान म्हणजे तुमचं सगळं.”

तो उठला, चप्पल घातली आणि तासभर नुसता रस्त्याने चालत राहिला. त्याला बायकोचा राग आला होता, स्वतःचा त्याहून जास्त, आणि दोन्हींच्या तळाशी नुसती भीती होती. शनिवारी त्याने टाकी उपसली, सांधा पात्याने खरवडला, पुन्हा भरला. रविवारी दर अर्ध्या तासाने दारापर्यंत जाऊन तो परत येत होता. मॅडमना फोन लावावा असं चारदा मनात आलं. पण फोनवरचं त्याला नीट ऐकू येत नाही, हेही त्या दिवशीच त्याने स्वतःशी कबूल केलं.

सोमवारी हॉस्पिटलसमोरचा रस्ता दोरी बांधून अडवला होता. चार मजूर फावड्यांवर रेलून उभे होते. मॅडम एका बाजूला नकाशा धरून होत्या. मुकादमाने खडू पुढे केला.

“या कानसेन! तुमच्यासाठीच थांबलोय. मारा फुली.”

त्याने काठी टेकवली, सवयीने डोळे मिटले आणि कान लावला. पहिल्या जागी काही नव्हतं. दहा पावलांवर काही नव्हतं. झाडापाशीही काही नव्हतं. पूर्वी इथे कुठेतरी पाणी नक्की बोललं असतं. फुली मारणं सोपं होतं. चारातली एखादी लागतेसुद्धा. त्याने हॉस्पिटलच्या खिडक्यांकडे पाहिलं. एका खिडकीत कुणीतरी टॉवेल वाळत घालत होतं.

तो मॅडमजवळ गेला. मजुरांना कळू नये म्हणून अगदी वाकून, हलक्या आवाजात त्याने सांगितलं, “मॅडम, मला ऐकू येत नाही.”

त्याला वाटलं, आपण कुजबुजलो. पण मजुरांनी फावडी खाली ठेवली होती, आणि रस्त्यापलीकडच्या दुकानांतली माणसं वळून त्याच्याकडे बघत होती.