ऐच्छिक

भोकरदनच्या बसस्थानकापासून कनिष्ठ महाविद्यालयापर्यंतच्या वाटेवर ‘निकाल शंभर टक्के’ असे फलक जागोजागी लावलेले होते, आणि आजवर भारतला त्यांचा अभिमानच वाटत आला होता. ते शंभर टक्के कसे घडवले जातात, हे उपप्राचार्य नरहर सरांच्या खोलीत बसल्यावर त्याला प्रथमच कळले.

त्याची मुलगी तृप्ती अकरावीला गणितात काठावर उत्तीर्ण झाली होती. म्हणून बारावीला तिने गणित सोडून भूगोल घ्यावा, असे सरांचे म्हणणे होते. भौतिक, रसायन, जीवशास्त्र आहेच. विज्ञान शाखा काही सुटत नाही.

“अन् इंजिनिअरिंग?” भारतने विचारले. ठिबकच्या शेवटच्या नळीपर्यंत पाणी का पोचत नाही, या एका प्रश्नापायी पोरीने आठवीपासून अभियांत्रिकीच धरून ठेवली होती.

“ते मंग न्हाई होणार, त्याला गणित लागतं. पण भारतराव, झेपंल ते घ्यावं. गणित काही सक्तीचं न्हाई, ऐच्छिक आहे.”

“ऐच्छिक म्हंजे कोणाच्या इच्छेचं, सर?”

“विद्यार्थ्याच्या. तुमच्या मुलीनं सकाळीच अर्ज दिलाय, स्वेच्छेनं विषय बदलते म्हणून.”

भारतने शेजारी बसलेल्या मुलीकडे पाहिले.

“मजकूर फळ्यावर लिहेल होता, पप्पा,” ती हळूच म्हणाली. “कमी मार्कवाल्या सगळ्यांना म्हणले, बघून उतरवा.”

भारतची कानशिले तापली. अक्षर पोरीचे, सही पोरीची, आणि इच्छा तेवढी संस्थेची! विषय कच्चा राहिला तर तो पक्का करून घेणे ज्यांचे काम, त्यांनी विषयच काढून घ्यावा आणि वर त्याला पोरीची स्वेच्छा म्हणावे, हा कोणता न्याय?

“वर्षभर गणिताला सर व्हते का गं?”

“दिवाळीनंतर आल्ते.”

नरहर सरांनी चष्मा पुसायला घेतला. “गणितच ठेवलं अन् नापास झाली, तर जिम्मेदारी तुमची.”

“बराबर. मार्कलिस्टवर नाव तिचंच राह्यतं, सर. तुमच्या बॅनरवर कोणाचंच न्हाई.”

“सर,” तृप्ती मध्येच बोलली, “इच्छा बदलता येते का? ऐच्छिक आहे ना, म्हणून विचारून राह्यले.”

कोपऱ्यातल्या टेबलावर बसलेल्या कारकून कौसल्याबाईंना हसू आवरेना. “अर्ज अजून इथंच आहेत, सर, पुढं गेले न्हाईत,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी तिचा अर्ज गठ्ठ्यातून काढून एका कोऱ्या कागदासह पुढे सरकवला.

तृप्तीने अर्ज फाडला आणि कागद ओढला. नरहर सर सवयीने मजकूर सांगू लागले, “मी, खाली सही करणार...”

“नको सर,” ती म्हणाली. “हा माझा मला येतो.”

त्या कागदावर शिक्का उमटेपर्यंत भारत खुर्चीवरून उठला नाही.